छोटा उपग्रह आणि दुसऱ्याचं रॉकेट

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या कंपनीने स्टार सेन्सर, म्हणजे ताऱ्यांचा फोटो घेऊन उपग्रहाची दिशा सांगणारं उपकरण, बनवला आहे आणि जमिनीवर तो नीट चालतो. पण ग्राहक विचारतात, ‘अंतराळात जाऊन आलाय का?’ म्हणून ३यू क्यूबसॅट (१० सेंटिमीटरचे तीन घन जोडल्याएवढा छोटा उपग्रह) बांधून तो वर पाठवायचा विचार आहे. नाहीतरी उपग्रह होतोच आहे, तर त्यात आपलाच रेडिओ, आपलीच रिअ‍ॅक्शन व्हील्स (फिरून उपग्रहाला वळवणारी चाकं) आणि एक कॅमेराही घालावा, असं टीमला वाटतं. रॉकेटवर जागा कशी मिळवायची, बोलणी केव्हा सुरू करायची आणि चाचण्या कोणत्या कराव्या लागतात, असं विचारलं आहे.

उपग्रहांची जोडणी आणि चाचणी हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. त्यामुळे रॉकेटपासून सुरुवात न करता तुमच्या उपग्रहापासून करतो, कारण जागेचा प्रश्न तिथेच सोपा किंवा अवघड होतो.

तंत्रज्ञान तपासायला पाठवायच्या उपग्रहात नवी गोष्ट एकच असावी. बाकीचं सगळं आधी उडून आलेलं घ्या, विकत घ्या, दुसऱ्या टीमकडून मागून आणा. तुमच्या यादीत चार नव्या गोष्टी आहेत. प्रत्येक गोष्ट पहिल्याच उड्डाणात चालण्याची शक्यता ८० टक्के धरली, आणि हा आकडा उदार आहे, तरी चारही चालण्याची शक्यता ४१ टक्क्यांवर येते. त्यातही या चार गोष्टी सारख्या वजनाच्या नाहीत. कॅमेरा बंद पडला तर एक कॅमेरा गेला. रेडिओ बंद पडला तर स्टार सेन्सर उत्तम चालत असूनही तुम्हाला ते कधीच कळणार नाही, आणि ग्राहकाला दाखवायला हातात काहीही राहणार नाही.

पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ मला या बाबतीत फार आवडतो. जेमतेम एक किलोचा उपग्रह, २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटवरून इतर १९ उपग्रहांबरोबर गेला. त्याचा मुख्य दावा एकच होता: वीज न वापरता, चुंबक आणि हिस्टेरिसिस रॉड (डोलणं शमवणाऱ्या चुंबकीय धातूच्या कांड्या) यांच्या जोरावर उपग्रहाची दिशा स्थिर ठेवता येते. मोठ्या पातळीवर इस्रोचं स्पेडेक्स घ्या. सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह ३० डिसेंबर २०२४ ला गेले, आणि सगळी आखणी कक्षेत दोघांना एकमेकांशी जोडणं या एका कामाभोवती होती. जानेवारीत ठरवलेल्या तारखा दोनदा पुढे गेल्या, एकदा उपग्रह अपेक्षेपेक्षा जास्त सरकले म्हणून थांबावं लागलं, आणि १६ जानेवारी २०२५ ला डॉकिंग झालं. उद्दिष्ट एकच असल्यामुळे तेवढा धीर धरता आला.

आता खरा प्रश्न. तुम्हाला स्वतःचा उपग्रह हवाच आहे का?

पीएसएलव्हीचा चौथा टप्पा उपग्रह सोडून झाल्यावर पूर्वी नुसता कचरा म्हणून फिरत राहायचा. आता त्याच टप्प्यावर सौर पॅनल, बॅटरी, दिशादर्शनाचे सेन्सर आणि हेलियमचे छोटे थ्रस्टर (वायू सोडून ढकलणारी इंजिनं) लावून त्याचा प्रयोगमंच केला जातो. त्याला पोएम म्हणतात. पहिला पोएम ३० जून २०२२ च्या पीएसएलव्ही-सी५३ वर झाला. स्पेडेक्सच्या उड्डाणातल्या पोएम-४ वर २४ प्रयोग होते, त्यातले १० सरकारी संस्थांच्या बाहेरचे. चवळीचं बी अंकुरल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, ते याच मंचावरचं. बेलाट्रिक्स कंपनीने आपला ‘रुद्र’ थ्रस्टर पोएम-३ वर चालवून पाहिला. आणि तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त संगणक वापरून बनवलेला ‘स्टारबेरी सेन्स’ हा स्वस्त स्टार सेन्सर एप्रिल २०२३ मध्ये पीएसएलव्ही-सी५५ च्या पोएम-२ वर उडवला. तुमच्याच जातीचं उपकरण, स्वतंत्र उपग्रहाशिवाय, अंतराळात तपासलं गेलं.

पोएमवर वीज, टेलिमेट्री (डेटा खाली पाठवणं) आणि कमांड (खालून आज्ञा) हे तीनही मिळतं. त्याची दिशा तिन्ही अक्षांवर धरलेली असते आणि ती मोजणारे सेन्सर तुमच्यापासून स्वतंत्र असतात, म्हणजे तुमच्या स्टार सेन्सरच्या उत्तराशी ताडून बघायला वेगळा हिशेब आयता मिळतो. स्वतःच्या क्यूबसॅटमध्ये ही सोय नसते, तिथे तुमचा सेन्सर बरोबर की चूक हे सांगणारं दुसरं कोणी बरोबर नसतं. मर्यादाही आहेत. आयुष्य काही महिन्यांचं असतं. पोएम-३ जानेवारी २०२४ ते मार्च २०२४, पोएम-४ डिसेंबर २०२४ ते एप्रिल २०२५, त्यानंतर दोन्ही वातावरणात जळून गेले. मंच कुठे वळवायचा हे तुमच्या हातात नसतं, वेळ मागून घ्यावी लागते. आणि पीएसएलव्हीच्या प्रत्येक उड्डाणाबरोबर पोएम असेलच असं नाही.

कक्षा बदलणं, दोन उपग्रहांनी एकमेकांच्या जवळ जाणं, हवेचा रोध वाढवणारं पातळ शीड उघडून खाली येणं, वर्ष-दोन वर्षं टिकून दाखवणं, यांतलं काही सिद्ध करायचं असेल तर स्वतंत्र उपग्रह लागतोच. सेन्सर, संगणक, कॅमेरा, सौरसेल, रेडिओ, जैविक प्रयोग यांना बहुधा लागत नाही. तुमच्या जागी मी असतो तर स्टार सेन्सर आधी पोएमवर नेला असता आणि क्यूबसॅटचा विचार त्यानंतर केला असता.

तरीही स्वतंत्र उपग्रहच करायचा ठरला, किंवा रिअ‍ॅक्शन व्हीलसाठी पुढे तो करावा लागलाच, तर रॉकेटचं गणित समजून घ्या.

छोटा उपग्रह जवळजवळ नेहमी सहप्रवासी म्हणून जातो. कक्षा, तारीख, वेळ हे मुख्य उपग्रह ठरवतो. भारतात ही प्रथा २६ मे १९९९ ला पीएसएलव्ही-सी२ पासून सुरू झाली. ओशनसॅटबरोबर कोरियाचा किटसॅट-३ आणि जर्मनीचा डीएलआर-टबसॅट गेले. १५ फेब्रुवारी २०१७ ला सी३७ ने एकाच फेरीत १०४ उपग्रह सोडले, त्यात ७१४ किलोचा कार्टोसॅट-२डी सोडला तर बहुतेक सगळे काही किलोंचे. स्पेसएक्सच्या ट्रान्सपोर्टर-१ या खास छोट्या उपग्रहांच्या उड्डाणाने जानेवारी २०२१ मध्ये १४३ नेले. तिथे मुख्य प्रवासी असा कोणी नसतो, सगळेच भागीदार असतात, पण तारीख आणि कक्षा तिथेही तुमच्या हातात येत नाही.

मुख्य उपग्रहाची कक्षा सोयीची नसेल तर चौथा टप्पा पुन्हा पेटवून वेगळ्या उंचीवर जाता येतं. २६ सप्टेंबर २०१६ च्या सी३५ मध्ये हे नीट दिसलं. स्कॅटसॅट-१ सुमारे ७३० किलोमीटरवर सोडल्यावर टप्पा पुन्हा पेटवून उरलेले उपग्रह सुमारे ६७० वर सोडले, सगळ्याला दोन तासांहून जास्त वेळ लागला. आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ त्याच उड्डाणात होता. १ एप्रिल २०१९ च्या सी४५ ने तर तीन कक्षा केल्या: एमिसॅट ७४८ किलोमीटरवर, २८ परदेशी उपग्रह ५०४ वर, आणि शेवटी स्वतः चौथा टप्पा ४८५ वर, पोएमच्या आधीचा प्रयोगमंच म्हणून.

उंचीकडे लोक फार सहज बघतात. ‘जितकं वर तितकं चांगलं’ असं वाटतं. छोट्या चाचणी-उपग्रहासाठी हे उलट आहे. ४०० किलोमीटरवर ३यू उपग्रह साधारण वर्षभराच्या आसपास टिकतो, ५०० वर काही वर्षं, ७०० च्या वर गेला की मेल्यानंतरही कित्येक दशकं फिरत राहतो. नेमका आकडा सूर्याच्या चक्रावर हलतो. सूर्य जास्त सक्रिय झाला की वरचं वातावरण फुगतं आणि उपग्रह लवकर खाली येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका भूचुंबकीय वादळाने नुकतेच सोडलेले ४९ स्टारलिंक उपग्रह अतिशय खालच्या कक्षेत गाठले आणि त्यांतले बहुतेक घालवले. तुमचा प्रयोग सहा महिन्यांत आटोपणारा आहे. ४५० ते ५०० किलोमीटर तुम्हाला पुरेल, आणि त्या उंचीवरून उपग्रह आपोआप खाली येतो, वेगळं इंजिन लागत नाही. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये काम संपल्यापासून पाच वर्षांत खाली येण्याचा नियम केला आहे. भारतानेही २०३० पर्यंत कचरामुक्त मोहिमांचं उद्दिष्ट जाहीर केलं आहे. जास्त उंचीची जागा कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका, असं माझं मत आहे.

इस्रोच्या एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटचा पर्याय आहे. ५०० किलो वजन ५०० किलोमीटरवर नेणारं हे रॉकेट छोट्या उपग्रहांसाठीच केलेलं आहे. तीन घन इंधनाचे टप्पे आणि वर वेग नेमका करायला एक छोटा द्रव इंधनाचा भाग. त्याचं पहिलं उड्डाण, ७ ऑगस्ट २०२२ चं, नीट समजून घेण्यासारखं आहे. दुसरा टप्पा सुटताना क्षणभर इतकी कंपनं आली की प्रवेगमापकांची मोजण्याची मर्यादा ओलांडली गेली. संगणकाने ते सेन्सर बिघडले असं ठरवून पर्यायी पद्धत धरली आणि उपग्रह ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी अशा लंबगोल कक्षेत गेले की तिचं खालचं टोक अवघं ७६ किलोमीटरवर होतं. ईओएस-०२ आणि देशभरातल्या ७५० मुलींनी ज्यात हात घातला होता तो आझादीसॅट, दोन्ही वाया गेले. १० फेब्रुवारी २०२३ च्या दुसऱ्या उड्डाणात, सुटण्याची यंत्रणा आणि संगणकाचं तर्कशास्त्र दोन्ही बदलून, ईओएस-०७ आणि जानस-१ बरोबर आझादीसॅट-२ ४५० किलोमीटरवर सुखरूप पोचला. म्हणजे सहा महिन्यांत त्या टीमने नवा उपग्रह हजर केला होता. जुनं, मुरलेलं रॉकेटही चुकतं. मे २०२५ मध्ये पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यातल्या बिघाडामुळे ईओएस-०९ उपग्रहासह वाया गेलं. म्हणून पैशांचा अंदाज बांधताना सगळ्या भागांचा दुसरा संच धरा. नुसते सर्किट बोर्ड आणि सेल नाहीत, चाचणी झालेली, जोडायला तयार असलेली पेटी.

जागेसाठी बोलणी कोणाशी करायची? भारतात परवानगी आणि सुविधांसाठी इन-स्पेस ही सरकारी संस्था, उड्डाणाच्या व्यापारी करारासाठी न्यूस्पेस इंडिया लिमिटेड ही सरकारी कंपनी. पोएमसाठीही अर्ज इन-स्पेसमार्फत जातो. बोलायची वेळ म्हणजे डिझाइन पक्कं व्हायच्या आधी. तुमचं वजन, आकार, गुरुत्वमध्य, सगळ्यात कमी नैसर्गिक वारंवारता (ज्या वारंवारतेला तो आपसूक थरथरतो ती) आणि आत ज्वलनशील किंवा दाबाखालचं काही आहे का, एवढी पाच उत्तरं घेऊन पहिली बैठक करता येते. त्यावरून रॉकेटवाले इंटरफेस कंट्रोल डॉक्युमेंट तयार करतात, म्हणजे तुमच्या आणि त्यांच्या मधली हद्द. त्यावर सही झाल्यानंतर एक स्क्रूसुद्धा त्यांना न विचारता हलवायचा नाही.

वेळेवर पोचला नाहीत तर रॉकेट थांबत नाही. तुमच्या जागी तेवढ्याच वजनाचा धातूचा ठोकळा जातो, कारण संपूर्ण भाराचा तोल आधीच गणितात बसवलेला असतो.

क्यूबसॅट ज्या डब्यातून सुटतो त्या डब्याबद्दल थोडं. कॅल पॉलीचे जॉर्डी पुइग-सुआरी आणि स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज यांनी १९९९ मध्ये हे मानक बांधलं, १० सेंटिमीटरचा घन म्हणजे एक यू. त्या मानकाचं खरं शहाणपण डब्यात आहे. रॉकेटवाल्यांना तुमच्या उपग्रहावर विश्वास ठेवायची गरज उरत नाही, त्यांचा विश्वास डब्यावर असतो. तुमच्या उपग्रहाचं काही सुटलं, तुटलं तरी ते डब्यात राहतं आणि मुख्य उपग्रह सुरक्षित राहतो. म्हणून डब्याची मापं पवित्र माना. कडेच्या चार पट्ट्या हार्ड अ‍ॅनोडाइज केलेल्या हव्यात, नाहीतर पोकळीत धातूला धातू चिकटतो. मापाच्या बाहेर एखादी वायर अर्धा मिलिमीटर जरी आली तरी फिट-चेकच्या, म्हणजे उपग्रह डब्यात बसवून बघण्याच्या, दिवशी अडकते. डब्याशिवाय थेट टप्प्यावर बसणाऱ्या मोठ्या, दहा किलोंच्या वरच्या उपग्रहांसाठी इस्रोचे बॉल-लॉक रिंग, म्हणजे धरून ठेवून वेळेवर सोडणारी कडी, आहेत, पण ३यूला ते लागत नाही.

आता शेक टेबल, म्हणजे उपग्रह जोरात हलवून बघायचं यंत्र. इथे थोडा जास्त वेळ थांबतो, कारण टीमची सगळी भीती इथे असते आणि तयारी सगळ्यात कमी.

उड्डाणातला त्रास तीन प्रकारचा. रॉकेट उठताना आणि ध्वनीचा वेग ओलांडताना आवाजाच्या दाबाने आलेली कंपनं, टप्पे पेटताना-विझताना येणारी कमी वारंवारतेची हिंदकळ, आणि टप्पे किंवा शिरोभागाचं आवरण सुटताना बसणारा क्षणाचा तडाखा. पहिल्यासाठी रँडम व्हायब्रेशन, म्हणजे अनेक वारंवारतांची एकत्र, अनियमित कंपनं, २० ते २००० हर्ट्झ. दुसऱ्यासाठी साइन, म्हणजे एका वेळी एकाच वारंवारतेचं कंपन, साधारण १०० हर्ट्झपर्यंत. तिसऱ्यासाठी शॉक टेस्ट. नेमक्या पातळ्या तुमच्या रॉकेटच्या कागदपत्रात मिळतील. रॉकेट अजून ठरलं नसेल तर नासाच्या सर्वसाधारण मानकातली १४.१ जी आरएमएस (कंपनांच्या जोराचं सरासरी माप) ही रँडमची पातळी धरून काम करायची पद्धत आहे. ती पातळी बहुतेक रॉकेटपेक्षा कठोर आहे.

टेबलवर चढवल्यावर आधी हलकासा साइन स्वीप (वारंवारता हळूहळू वाढवत नेणं) करून उपग्रहाची सही घ्या, म्हणजे तो कुठल्या वारंवारतेला किती थरथरतो त्याचा आलेख. मग खरी चाचणी. मग पुन्हा तोच हलका स्वीप. दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवा. मुख्य शिखर पाच टक्क्यांहून जास्त सरकलं असेल तर आत काहीतरी सैल झालंय, मग उपग्रह बाहेरून कितीही ठीक दिसो. ‘चालू तर होतोय ना’ असं म्हणून पुढे जाणाऱ्या टीमला मी थांबवतो. चालू होणं ही वेगळी चाचणी आहे.

सैल काय होतं? स्क्रू, कारण टॉर्क रेंच (नेमक्या जोराने आवळणारा पाना) वापरला नाही किंवा थ्रेडवर चिकटद्रव्य लावलं नाही. प्रत्येक घट्ट केलेल्या स्क्रूवर रंगाची रेघ ओढा, फिरला की लगेच दिसतो. उंच कपॅसिटर आणि इंडक्टर, ज्यांना बुडाशी इपॉक्सीचा आधार दिला नाही. बोर्डांच्या मधले कनेक्टर. बॅटरीच्या सेलवरच्या वेल्ड केलेल्या पट्ट्या. आणि स्टार सेन्सरमध्ये लेन्स. लेन्सचं फोकस काही मायक्रॉननेही सरकलं तर ताऱ्याचा ठिपका पसरतो आणि मध्यबिंदूचं गणित बिघडतं. म्हणून तुमच्यासाठी कंपनाआधी आणि कंपनानंतर कृत्रिम ताऱ्यावर घेतलेला ठिपका ही सगळ्यात महत्त्वाची तुलना आहे. कॅलिब्रेशन कंपनानंतर करा, आधी नाही.

क्यूबसॅट त्याच्या डब्यात ठेवूनच हलवा. डब्यात तो थोडा खडखडतो, त्यामुळे सुटा, टेबलला घट्ट आवळलेला उपग्रह जे दाखवतो त्याहून वेगळं चित्र येतं. तुमच्याकडे एकच उपग्रह असेल तर प्रोटोफ्लाइट पद्धत वापरतात: पातळी कठोर, वेळ कमी, दर अक्षाला दोनऐवजी एक मिनिट. अहमदाबादजवळच्या बोपळच्या इन-स्पेस केंद्रात आणि काही खासगी प्रयोगशाळांत ही सोय आहे. तारीख आधी घ्या, आणि चाचणीनंतर उपग्रह उघडून दुरुस्त करायला दोन आठवडे मोकळे ठेवा.

थर्मल-व्हॅक्यूम, म्हणजे पोकळीत तापवून-गारठवून बघण्याच्या चाचणीबद्दल थोडक्यात. ५०० किलोमीटरवर एक फेरी सुमारे ९५ मिनिटांची असते आणि त्यातली ३५ पर्यंत मिनिटं सावलीत जातात. पोकळीत हवा नसल्याने उष्णता फक्त धातूतून आणि किरणांतून जाते, टेबलवर गार राहणारा प्रोसेसर तिथे तापतो. गोंद, टेप, वायरचं आवरण यांतून निघणारी वाफ तुमच्याच लेन्सवर बसते. पोकळीत तापवल्यावर वस्तुमानातली घट एक टक्क्याच्या आत आणि वाफेतला पुन्हा घनरूप होणारा अंश ०.१ टक्क्याच्या आत असलेलीच द्रव्यं वापरा. स्टार सेन्सर बनवणाऱ्याने या आकड्यात सूट घेऊ नये.

उपग्रह डब्यातून सुटल्यानंतरचा पहिला तास हा माझ्या मते सगळ्यात नाजूक काळ. रॉकेटवर असताना उपग्रह पूर्ण बंद असतो, सुटताना दाबलेले स्विच मोकळे होतात आणि तो जागा होतो. मानकाप्रमाणे पहिली ३० मिनिटं काही उघडायचं नाही आणि ४५ मिनिटं रेडिओ लावायचा नाही, म्हणजे शेजारच्या उपग्रहांना धक्का आणि गोंधळ होत नाही. मग नायक्रोम तारेने (विजेने तापणाऱ्या तारेने) बांधलेला दोरा जाळून अँटेना उघडते. इथे अनेक उपग्रह कायमचे मुके झाले आहेत. बॅटरी थंड, व्होल्टेज खाली, तार पुरेशी तापत नाही, दोरा अर्धा वितळून पुन्हा चिकटतो. अँटेना उघडण्याची चाचणी थंडीत, पोकळीत आणि कमी व्होल्टेजवर करा. ‘उघडली’ अशी नोंद मेमरीत ठेवून प्रयत्न थांबवणारा प्रोग्रॅम लिहू नका. किरणोत्सारामुळे तो एक बिट उलटला तर उपग्रह समजेल की काम झालंय. जमिनीवरून कमांड मिळेपर्यंत ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा प्रयत्न होत राहिले पाहिजेत.

यासाठी एक चाचणी कागदावर बंधनकारक नसली तरी कराच. उपग्रह डब्यातून खरोखर बाहेर काढा, आणि मग त्याला केबल न लावता, हात न लावता, फक्त रेडिओवरून आठवडाभर चालवा. चार्जिंग दिव्याच्या उजेडातून, रात्र पडदा टाकून. पहिल्या दोन दिवसांत इतक्या गोष्टी बाहेर येतात की पुढचे पाच दिवस करायचेच कशाला असा प्रश्न पडत नाही.

कक्षेत गेल्यावर तुमचा उपग्रह ओळखणं हेही काम असतं. पन्नास-शंभर उपग्रह एकत्र सुटले की रडारला सुरुवातीला सगळे सारखेच ठिपके दिसतात आणि कुठला कोणाचा हे ठरायला काही दिवस, कधी आठवडे जातात. रॉकेटवाल्यांकडून सुटल्याच्या क्षणाची जागा आणि वेग मागून घ्या. बीकनमध्ये, म्हणजे उपग्रह ठरावीक वेळाने पाठवतो त्या ओळख-संदेशात, आपलं नाव स्पष्ट असू द्या. ४३७ मेगाहर्ट्झवर डॉप्लर परिणामामुळे (उपग्रह जवळ येताना आणि लांब जाताना) वारंवारता साधारण १० किलोहर्ट्झ इकडे-तिकडे सरकते, त्या सरकण्याच्या आलेखावरूनच तुमचा ठिपका कुठला हे काढता येतं. सॅटनॉग्स या हौशी केंद्रांच्या जाळ्याचा इथे मोठा आधार होतो.

किती डेटा खाली येईल त्याचं गणित आजच करा. दिवसाला चार वापरण्याजोग्या फेऱ्या, प्रत्येकी सहा मिनिटं, ९६०० बिट प्रति सेकंद: जास्तीत जास्त पावणेदोन मेगाबाइट. पॅकेट हरवतात, जोडणीला वेळ जातो, निम्मा हाती आला तरी चांगलं. तुमच्या कॅमेऱ्याचा एक फोटो यात बसत नाही. कॅमेरा का नको याचं हेही एक कारण.

फ्रिक्वेन्सीचं काम मात्र सगळ्या यांत्रिक कामाच्या आधी सुरू करा. दूरसंचार खात्याचा डब्ल्यूपीसी विभाग, त्यांच्यामार्फत आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेकडे नोंद, आणि आयटीयूच्या छापील सूचनेवर इतर देशांना हरकतीसाठी दिलेले महिने. हे कागद कोणी धावपळ करून लवकर आणू शकत नाही. हौशी रेडिओवाल्यांचा हॅम बँड वापरू असं अनेक कंपन्या ठरवतात, पण हौशी सेवा धंद्यासाठी नाही. कॉलेजच्या उपग्रहाला ती मिळू शकते, विक्रीसाठी सेन्सर तपासणाऱ्या कंपनीने ती मागणं चुकीचं ठरेल. पोएमवर गेलात तर हा सगळा प्रश्न उरत नाही, कारण डेटा त्यांच्या रेडिओने खाली येतो. टक्कर टाळण्याचं विश्लेषण रॉकेटवाले करतात. स्पेडेक्सचं उड्डाण त्याच कारणाने दोन मिनिटं पुढे ढकललं होतं. पण सुटल्यानंतर कक्षेची माहिती देत राहणं तुमचं काम, आणि उपग्रहामुळे नुकसान झालं तर १९७२ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे उत्तर द्यायला देश बांधील असतो. परवानगी देणारे इतके प्रश्न का विचारतात ते यावरून लक्षात येईल.

शेवटी तुमच्या सेन्सरपुरतं. पोएमवर जागा मिळाली तर खाली नुसतं दिशेचं उत्तर मागू नका. ताऱ्यांभोवतालच्या पिक्सेलच्या छोट्या चौकटी जशाच्या तशा साठवा आणि त्याच खाली आणा. उत्तर चुकलं तर त्या चौकटींवरून कळेल की लेन्स हलली, पिक्सेल खराब झाले की ताऱ्यांच्या यादीशी जुळवणी फसली. दर काही दिवसांनी अंधारातली एक चौकट घ्या, किरणोत्साराने गरम पिक्सेल (अंधारातही उजळ दिसणारे) किती वाढले ते दिसेल. दक्षिण अटलांटिकवरच्या विसंगतीतून, म्हणजे जास्त किरणोत्साराच्या भागातून, जाताना किती खोटे ठिपके येतात ते वेगळं मोजा. मंचाची दिशा ज्या दिवशी बदलायची असेल तो दिवस आधी विचारून ठेवा, म्हणजे वळताना सेन्सर किती वेगापर्यंत तारे धरून ठेवतो आणि सूर्य किती अंशांवर आला की आंधळा होतो, ही दोन मोजमापं मिळतील. ‘अंतराळात जाऊन आलाय का’ असं विचारणारा ग्राहक पुढच्या बैठकीत हेच दोन आकडे मागणार आहे.